कार्डावरचा हत्ती : लँग स्टिरिओटेस्ट-२ चे परीक्षण

मांडीवर बसलेल्या अकरा महिन्यांच्या बाळाला तपासणीच्या खोलीत काहीच विचारता येत नाही. त्याला अक्षरे वाचता येत नाहीत, चित्रांची नावे सांगता येत नाहीत, आणि तपासणीचा रंगीत काचांचा चष्मा नाकावर ठेवला तर दुसऱ्याच क्षणी तो त्याच्या तोंडात असतो. अशा बाळाचे दोन्ही डोळे एकमेकांच्या साथीने पाहतात का, समोरच्या वस्तूची खोली त्याला दोन डोळ्यांच्या मेळातून कळते का, हे पाहण्याची जी साधने माझ्या टेबलाच्या खणात आहेत, त्यांतले सर्वांत लहान आणि सर्वाधिक हाताळले गेलेले साधन म्हणजे लँग स्टिरिओटेस्ट-२ हे पोस्टकार्डाएवढे कार्ड. लहान मुलांचे डोळे तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून मी ते दवाखान्यात आणि अंगणवाड्यांमधल्या शिबिरांत बरीच वर्षे वापरत आले आहे. नव्याने काम सुरू करणारे सहकारी ते घ्यावे का, असे विचारतात आणि पालक ते नेमके काय सांगते, असे विचारतात. हे परीक्षण दोघांसाठी आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण त्यावाचून या कार्डाचे मोल कळत नाही. खोलीचे भान आपल्याला अनेक वाटांनी येते. जवळची वस्तू दूरच्या वस्तूला झाकते, दूरची वस्तू लहान दिसते, मान हलवली की जवळचे झरकन सरकते आणि लांबचे संथपणे. या सगळ्या खुणा एका डोळ्यालाही पुरतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी केलेला आणि १९६० साली प्रसिद्ध झालेला ‘दृश्य कड्या’चा प्रयोग मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. जाड काचेचे मोठे टेबल, त्याच्या मधोमध एक फळी, एका बाजूला काचेला लागूनच चौकड्यांचे कापड आणि दुसऱ्या बाजूला तेच कापड काचेच्या बरेच खाली, अशी ती मांडणी होती. साडेसहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळे एकेक करून फळीवर ठेवली गेली आणि आईने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने त्यांना हाका मारल्या. फळीवरून २७ बाळे हलली. ती सारी एकदा तरी उथळ बाजूकडे रांगत गेली, खोल बाजूच्या काचेवर मात्र केवळ तीन बाळे गेली. रांगणाऱ्या बाळाला कडा ओळखता येतो, हे त्यातून दिसले. तो कडा त्याने एका डोळ्याने ओळखला की दोन्ही डोळ्यांच्या मेळाने, हे मात्र त्या मांडणीतून कळण्यासारखे नव्हते. ‘पलंगाच्या कडेशी येऊन थांबतो हो, खाली पडत नाही, म्हणजे डोळे बरोबरच असणार,’ असे माझ्याकडे आलेल्या आया जेव्हा सांगतात, तेव्हा मला हाच भेद समजावून सांगावा लागतो. एका डोळ्याची नजर मंद असलेले मूलही पलंगाच्या कडेशी थांबते, चेंडू धरते आणि जिना चढते, आणि म्हणूनच घरातल्या माणसांना वर्षानुवर्षे काही लक्षात येत नाही.

दोन डोळ्यांमध्ये काही सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे प्रत्येकाला समोरचे दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते, आणि मेंदू त्या फरकावरून खोली काढतो. हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आपल्या स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखवून दिले. बाळ जन्मताना ही शक्ती घेऊन येत नाही. ती साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या दरम्यान, बऱ्याच अंशी एकाएकी उमलते आणि पुढच्या काही महिन्यांत झपाट्याने तीक्ष्ण होत जाते. नेमक्या त्याच काळात एक डोळा तिरळा असेल, एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असेल किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असेल, तर मेंदूकडे जुळणारी दोन चित्रे पोहोचत नाहीत, आणि ज्या पेशींनी दोन्ही डोळ्यांचे ऐकायचे त्या एकाच डोळ्याचे ऐकू लागतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवरील प्रयोगांतून हे सिद्ध केले, आणि दृष्टीविषयीच्या त्यांच्या संशोधनासाठी १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिरळेपण हे भाग्याचे लक्षण मानून ‘मोठा झाला की आपोआप जाईल’ असे म्हणणारी घरे मी आजही पाहते, तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या वाट पाहण्यात जे हातचे जाते ते नंतर फार थोडे परत मिळते.

आता कार्डाकडे वळते. स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ योझेफ लँग यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ते तयार केले, आणि त्यासाठी दोन जुन्या कल्पना एकत्र आणल्या. पहिली कल्पना दृष्टीचे संशोधक बेला युलेझ यांची. केवळ विखुरलेल्या ठिपक्यांची दोन चित्रे घेऊन, त्यांतल्या काही ठिपक्यांचा गट एका चित्रात किंचित बाजूला सरकवला, तर एका डोळ्याला निव्वळ ठिपकेच दिसतात, परंतु दोन्ही डोळ्यांनी पाहिले की त्या गटाची आकृती पृष्ठभागापासून सुटून उभी राहते, हे त्यांनी १९६० साली दाखवले होते. दुसरी कल्पना, म्हणजे चित्रावर बारीक भिंगांच्या रेघा बसवण्याची, वॉल्टर हेस यांची, जे पुढे शरीरशास्त्रज्ञ म्हणून १९४९ सालच्या नोबेलचे मानकरी झाले, पण तरुणपणी नेत्रवैद्य होते. कार्डावरून बोट फिरवले की बारीक उभ्या रेघा हाताला लागतात. जत्रेत मिळणारी, हलवली की शंकराचा गणपती होणारी खरखरीत चित्रे किंवा तशाच चित्राची शाळेतली पट्टी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हा स्पर्श ओळखीचा वाटेल. प्रत्येक रेघ म्हणजे एक अतिशय अरुंद भिंग असते. त्याच्याखाली दोन चित्रांच्या बारीक पट्ट्या छापलेल्या असतात, आणि भिंग त्यांतली एक पट्टी डाव्या डोळ्याकडे व दुसरी उजव्या डोळ्याकडे पाठवते. म्हणजे जे काम एरवी चष्मा करतो, ते इथे कार्डाचा पृष्ठभागच करतो. या साधनाचे सर्वांत मोठे सामर्थ्य हेच आहे, आणि दोन वर्षांखालील मुलांच्या बाबतीत त्याची बरोबरी करणारे साधन माझ्या वापरात दुसरे आलेले नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या कार्डावर चार आकृत्या आहेत: हत्ती, गाडी, चंद्रकोर आणि चांदणी. नेहमीच्या ४० सेंटिमीटर अंतरावर हत्तीतला फरक ६०० कोनीय सेकंदांचा, गाडीतला ४०० चा आणि चंद्रातला २०० चा आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे कोनीय सेकंद, आणि आकडा जितका लहान तितकी कसोटी कठीण. हे आकडे पालकांना परके वाटतात, म्हणून मी त्यांना सांगते की मोठ्या माणसाला हत्ती कार्डापासून सुमारे पाऊण सेंटिमीटर सुटल्यासारखा आणि चंद्र जेमतेम पाव सेंटिमीटर सुटल्यासारखा दिसायला हवा. चांदणी मात्र एका डोळ्यानेही दिसते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे. ज्या मुलाला दोन डोळ्यांचा मेळ नाही, त्यालाही कार्डावर काहीतरी सापडते, त्याचा हिरमोड होत नाही, आणि तपासणाऱ्यालाही कळते की मूल कार्डाकडे पाहत आहे. चांदणीवर बोट ठेवून थांबलेले आणि बाकी कशाकडेच न वळलेले मूल ‘पाहत नव्हते’ असे म्हणून सोडून देता येत नाही. मला ही योजना मनापासून आवडते. पहिल्या आवृत्तीत मांजर (१२०० कोनीय सेकंद), चांदणी (६००) आणि गाडी (५५०) आहे, आणि त्यात एका डोळ्याने दिसणारे काहीच नाही. तरीही वर्षाखालील बाळांसाठी पहिल्या आवृत्तीतले मांजर अधिक ठळक असल्याने उपयोगी पडते, आणि ऐपत असेल तर दोन्ही कार्डे ठेवावीत, असे मला वाटते.

वापराविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हे कार्ड जितके साधे दिसते तितके ते साधे नाही. बाळ आईच्या किंवा आजीच्या मांडीवर बसलेले असावे, पोट भरलेले आणि झोप झालेली असावी. कार्ड त्याच्या नजरेच्या रेषेला अगदी काटकोनात, सरळ आणि स्थिर धरावे लागते. कार्ड जरा कलले किंवा डावी-उजवीकडे हलले, तर आकृतीच्या कडा एका डोळ्यालाही चमकून दिसू लागतात आणि मेळ नसलेले मूलही त्या दिशेने पाहते. सुरुवातीच्या काळात मी बाळाचे लक्ष वेधण्यासाठी कार्ड खुळखुळ्यासारखे हलवत असे. त्या दिवसांतले माझे निष्कर्ष आज मी विश्वासार्ह मानत नाही. उघड्या खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा प्रकाश रेघांवर चकाकला तरी तेच होते. मुलाला चष्मा असेल तर तो लावूनच तपासावे. आणि एक डोळा झाकून करावयाच्या सगळ्या तपासण्यांच्या आधी हे कार्ड दाखवावे, कारण डोळा एकदा झाकला की दोन डोळ्यांची जेमतेम जुळलेली साथ सुटू शकते आणि मग कार्ड विनाकारण ‘नाही’ म्हणते.

सर्व नीट जमले, की पाहायचे असते ते बाळाच्या डोळ्यांकडे. काजळ-तीट लावलेले ते चिमुकले तोंड आधी कार्डाच्या पलीकडे, माझ्या चेहऱ्याकडे बघते. मग नजर कार्डावर येते, हत्तीवर थांबते, तिथून टुणकन चंद्रावर उडी मारते आणि परत हत्तीवर येते. काही बाळे हात पुढे करून हत्ती चिमटीत धरायला जातात. दीड-दोन वर्षांचे मूल ‘भूर’ म्हणून गाडी दाखवते, त्याहून मोठे ‘चांदोबा!’ म्हणून ओरडते. शंका राहिली, तर मी कार्ड आडवे-उभे फिरवते: रेघा आडव्या झाल्या की दोन्ही डोळ्यांना एकच पट्टी मिळते आणि खोली नाहीशी होते. मघाशी हत्ती होता तिथे बाळाची नजर आता जात नसेल, तर आधीचे उत्तर खरे होते असे मी धरते. ही पडताळणी शिबिराच्या घाईतही करता येते, आणि मी ती सहसा टाळत नाही. नोंद करताना मी ‘निश्चित’, ‘संदिग्ध’ आणि ‘नाही’ असे तीनच शेरे लिहिते. वर्षाखालील बाळांत ‘संदिग्ध’ बरेच येतात, आणि तसा शेरा लिहून महिन्याभराने पुन्हा बोलावणे हे ओढूनताणून ‘निश्चित’ लिहिण्यापेक्षा बरे.

आता मर्यादा. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही, की हे कार्ड ढोबळ आहे. निरोगी डोळ्यांच्या मोठ्या माणसाला ४० ते ६० कोनीय सेकंदांचा फरकही जाणवतो, आणि इथे सर्वांत कठीण आकृती २०० ची आहे. मोठे, सतत दिसणारे तिरळेपण कार्ड सहसा पकडते. दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या तफावतीमुळे आलेला आळशी डोळा मात्र त्यातून निसटू शकतो. साडेतीन वर्षांच्या एका मुलीने हत्ती, गाडी आणि चंद्र तिन्ही न चुकता दाखवले होते. मोठ्या भावाला चष्मा होता म्हणून केवळ, बाहुली मोठी करणारे औषध घालून तिचा नंबर काढला, तर एका डोळ्याला मोठा प्लस नंबर निघाला आणि त्या डोळ्याची नजर बरीच कमी होती. कार्डावर भिस्त ठेवून तिला परत पाठवले असते, तर तिची आणखी वर्षे गेली असती. अत्यंत बारीक तिरळेपण असलेली काही मुलेही कार्डावरच्या मोठ्या आकृत्या ओळखतात. या बारीक तिरळेपणाचा अभ्यास करून त्याला नाव देणारे डॉक्टर योझेफ लँग हेच होते, हे लक्षात ठेवले तर आपले कार्ड कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, याची त्यांना पुरेपूर जाण असणार असे वाटते.

दुसरी मर्यादा अंतराची. कार्ड हातभर अंतरावरचे सांगते. उन्हात गेले की एक डोळा मिटणारी, दूर पाहताना किंवा दमल्यावर ज्यांचा डोळा बाहेरच्या बाजूला सरकतो अशी मुले आपल्याकडे भरपूर दिसतात. जवळ पाहताना त्यांचे डोळे सरळ असतात आणि ती कार्डावर उत्तम उत्तरे देतात. ‘फोटोत डोळा वेगळा दिसतो’, ‘उन्हात डोळा बारीक करतो’, ही आईची तक्रार अशा वेळी कार्डापेक्षा अधिक मोलाची मानावी. उलट बाजूही आहे: नाकाचा पूल रुंद असल्यामुळे काही बाळे तिरळी असल्यासारखी नुसती भासतात, आणि त्यांनी कार्डावर सहज उडी मारलेली नजर पाहिली की घाबरलेल्या आईबापांना धीर देताना मला मोठाच आधार मिळतो.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात करते. टिटमस फ्लाय या जुन्या तपासणीत पानभर माशी असते, तिच्या पंखांतला फरक हत्तीच्या निदान पाचपट असतो, आणि तीन वर्षांचे मूल पंख धरायला गेले की त्याची बोटे कागदाच्या वर हवेतच मिटतात. ते दृश्य फार बोलके असते. परंतु त्यासाठी ध्रुवीकृत काचांचा चष्मा लागतो आणि काही मुले त्या माशीला घाबरून रडतात. मोठ्या मुलांत मात्र त्याच तपासणीतली वर्तुळे ४० कोनीय सेकंदांपर्यंत नेतात, जिथे लँगचे कार्ड पोहोचतच नाही. टीएनओ नावाची ठिपक्यांच्या चित्रांची तपासणी लाल-हिरव्या चष्म्याने होते आणि १५ कोनीय सेकंदांपर्यंत जाते, पण ती शाळकरी वयासाठी बरी. शेफील्डचे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्रिस्बी यांच्या तपासणीलाही चष्मा लागत नाही. ६, ३ आणि १.५ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पट्ट्यांवर खरीखुरी खोली असते, मुलाने चार चौकोनांतून वर्तुळ असलेला एक शोधायचा असतो. समजूतदार तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ते मला फार आवडते, मात्र मान हलवली की एका डोळ्यालाही वर्तुळ सापडते, आणि या वयात मान स्थिर ठेवायला लावणे हे एक वेगळेच काम होऊन बसते.

शिबिरांविषयी एक सूचना करावीशी वाटते. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करतात. अशा भेटींत सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांना टॉर्चने डोळ्यातली चमक पाहण्याबरोबर हे कार्डही दाखवावे, असे मला मनापासून वाटते. त्याला वीज लागत नाही, चष्मा लागत नाही, भाषा लागत नाही, आणि सराव झाला की एका बाळाला दोन मिनिटे पुरतात. अट एवढीच, की वापरणाऱ्याला ते कसे धरायचे हे कोणीतरी शेजारी बसून शिकवलेले असावे, आणि ‘कार्ड जमले म्हणजे डोळे उत्तम’ असे वाक्य पालकांना कोणीही सांगू नये.

कार्ड परदेशातून येते आणि आकाराच्या मानाने महाग वाटते, पण काळजी घेतली तर ते पुष्कळ वर्षे टिकते. ते पाकिटात ठेवावे, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नये, आणि पुसायला किंचित ओलसर मऊ कापड वापरावे. माझे पहिले कार्ड मी दर मुलानंतर स्पिरिटने पुसत राहिले आणि काही काळाने त्याच्या रेघा धूसर झाल्या. त्यावर आता मी कोणत्याही बाळाची तपासणी करत नाही. ते मी आईवडिलांच्या हातात देते. ते दोन्ही डोळ्यांनी हत्ती पाहतात, मग मी त्यांना एक डोळा हाताने झाकायला सांगते, आणि हत्ती ठिपक्यांत विरून जातो.